110 पौंडांची ऑस्टिन

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

सुरुवात ओरोसपासूनच करतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या घरी, मागच्या पडवीत, त्याच्या आजोबांची जुनी फियाट उभी आहे. उभी म्हणजे चार विटांवर. मालवणच्या बाजूला बरीच वर्षं काढल्यामुळे खाऱ्या वाऱ्याने तिचे दरवाजे खालून पार खाल्लेत. गणपतीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी ठरवलं की आता हिचं इंजिन खोलायचंच. पहिल्या दिवशी उत्साह, दुसऱ्या दिवशी घासलेटचा वास, आणि तिसऱ्या दिवशी खोलून ठेवलेले भाग पेपरवर पसरलेले आणि कुठला नट कुठला हे कोणालाच आठवत नाही. तेव्हा आमच्यातल्या सर्वांत शांत माणसाने विचारलं की मॅक्लारेनची गोष्ट तुम्हाला माहीत आहे का? आम्हाला मॅक्लारेन म्हणजे टीव्हीवर दिसणारी नारिंगी रेसिंग कार एवढंच माहीत. हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस आमच्यासारखाच एका खिळखिळ्या गाडीपासून सुरू झाला होता, हे त्या दिवशी कळलं. पुढे लायब्ररी आणि नेटवर बसून जे मिळालं ते इथे मांडतोय.

ब्रूस लेस्ली मॅक्लारेन. जन्म 30 ऑगस्ट 1937, न्यूझीलंडमधलं ऑकलंड. वडील लेस मॅक्लारेन यांचं शहराच्या रेमुएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज होतं. तरुणपणी ते मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेत असत. म्हणजे पोराला पाना-पकडीची ओळख पाटी-पेन्सिलीच्या आधीच झाली असणार.

पण नवव्या वर्षी वेगळंच संकट आलं. कंबरेच्या सांध्याचा पर्थेस नावाचा आजार निघाला. मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्तपुरवठा कमी पडतो आणि हाड ठिसूळ होत जातं. आज त्यावर बरेच उपाय आहेत, पण 1946 च्या सुमारास मुलाला झोपवून ठेवायचं, पायावर भार पडू द्यायचा नाही, हाच मुख्य उपचार होता. ताकापुना इथल्या विल्सन होम या मुलांच्या रुग्णालयात तो जवळजवळ दोन वर्षं चाकं लावलेल्या चौकटीवर आडवा होता. तिथली पोरं त्या चाकांच्या चौकटींच्याही शर्यती लावत असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण विश्वास ठेवायला आवडेल अशी गोष्ट आहे! बरा होऊन बाहेर आला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे दीड इंच आखूड राहिला होता. आयुष्यभर तो थोडा लंगडत चालला. आणि क्लच डाव्या पायाचा असतो हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

आता गाडी. ब्रूस तेराएक वर्षांचा असताना लेस यांनी 110 पौंडांना एक ऑस्टिन सेव्हन अल्स्टर विकत घेतली. ऑस्टिन सेव्हन ही 1922 मध्ये इंग्लंडमध्ये आलेली छोटी, स्वस्त मोटार. चार सिलिंडर, 747 सीसी. आपल्या मारुती 800 पेक्षाही लहान इंजिन. तिचीच शर्यतीसाठी बनवलेली बसकी, दोन सीटची आवृत्ती म्हणजे अल्स्टर. ही गाडी 1929 ची. आज अशी गाडी क्लासिक म्हणून काचेच्या मागे ठेवतात, पण 1950 च्या सुमारास ती नुसतीच जुनी गाडी होती, वीस वर्षं वापरून थकलेली. लेस यांचा विचार साधा होता की नीट करायची आणि थोड्या नफ्यात विकायची.

बापलेकांनी ती गॅरेजमध्ये घेतली आणि जोडायला बरेच महिने गेले. अखेर गाडी सुरू झाली. लेस तिला घेऊन एक चक्कर मारायला गेले आणि परत आले ते घाबरूनच. स्टिअरिंग एकीकडे, गाडी दुसरीकडे, ब्रेक तर नावालाच. यात आश्चर्य नाही. ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक तारेने ओढले जात. पुढचा आडवा पाटा आणि एक्सल हलला की तारेचा ताण बदले, आणि चारही चाकं सारखी धरतीलच असं नसे. शिवाय इंग्रजी ए अक्षरासारखी दोन पट्ट्यांची चासिस खड्ड्यात पिळवटायची. अल्स्टरच्या क्रँकशाफ्टला आधारही फक्त दोनच, एक पुढे आणि एक मागे. इंजिन जोरात फिरवलं की मधला भाग अक्षरशः वाकायचा. आपल्याकडे डीओएममध्ये हा प्रश्न परीक्षेत येतो तेव्हा आपण बेंडिंग मोमेंटची आकृती काढून मोकळे होतो. तिथे तो प्रश्न कानाला ऐकू येत होता.

लेस यांनी गाडी विकून टाकायची ठरवली. ब्रूसने हट्ट धरला की विकू नका, मी तिला सरळ करतो. वडील तयार झाले. माझ्या मते सगळ्या चरित्रातला मोठा क्षण हाच. पुढचे चषक बिषक नंतर आले. एका पेट्रोल पंपवाल्या माणसाने आपले 110 पौंड अडकवून ठेवले आणि चौदा वर्षांच्या, नुकत्याच चालायला लागलेल्या पोराच्या हातात एक धोकादायक गाडी दिली. आपल्या घरी काय झालं असतं याची कल्पना करा.

लायसन मिळायचं वय अजून झालं नव्हतं, म्हणून तो घरामागच्या आवारात फळझाडांच्या मधून आठच्या आकड्यात गाडी फिरवत बसे. चूक झाली की गाडी झाडाकडे जाणार, म्हणून गाडी का सरकली, कुठून सरकली, हे समजून घ्यावंच लागे. मग संध्याकाळी गॅरेजमध्ये पुन्हा खोला, बदला, पुन्हा जोडा.

त्यातलं एक काम तपशिलात सांगण्यासारखं आहे. अल्स्टरचं हेड तडकलं. नवीन मिळणं कठीण, मिळालं तरी परवडणं कठीण. त्यांनी साध्या ऑस्टिन रुबीचं 1936 चं हेड घेतलं. हे साइड व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला असतात आणि हेड म्हणजे फक्त खोलगट पोकळ्या असलेलं झाकण. पोकळी मोठी असेल तर मिश्रण कमी दाबलं जातं आणि ताकद कमी मिळते. म्हणून त्या पोकळ्या त्यांनी ब्राँझने भरून काढल्या आणि फिरत्या कानशीने हवा तो आकार पुन्हा कोरला. पोकळी लहान झाली, कॉम्प्रेशन वाढलं. आपण थर्मलमध्ये ऑटो सायकलच्या एफिशिअन्सीचं सूत्र पाठ करतो, त्यात कॉम्प्रेशन रेशो कुठे बसतो ते आठवा. त्या पोराने ते सूत्र कानशीने लिहिलं!

1952 मध्ये, पंधराव्या वर्षी लायसन हातात आल्यावर, तो मुरीवाईच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या चढाच्या शर्यतीत उतरला. आंबोलीच्या घाटात एकेक गाडी सोडून घड्याळ लावावं, तसा हा प्रकार. 750 सीसीच्या गटात तो पहिला आला.

पुढची काही वर्षं झरझर सांगतो. ऑकलंडलाच इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. फोर्डवर बांधलेली एक स्पेशल, मग ऑस्टिन-हीली, मग कूपर अशा गाड्या बदलत गेल्या. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम न्यूझीलंडला शर्यतीसाठी येत असे, त्याने या पोराला हेरलं. होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवण्याची एक योजना तिथल्या संघटनेने काढली होती, तिचा पहिला मानकरी 1958 मध्ये ब्रूस ठरला. इंजिनिअरिंग अर्धवट राहिलं. (प्राध्यापक मंडळींनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) त्याच वर्षी जर्मनीत नुर्बर्गरिंगला फॉर्म्युला टूची छोटी कूपर घेऊन तो फॉर्म्युला वनच्या गाड्यांमध्ये पाचवा आणि आपल्या गटात पहिला आला.

12 डिसेंबर 1959, अमेरिकेतलं सेब्रिंग. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या ब्रॅबमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. मागून येणारा ब्रूस गोंधळून हळू झाला, ब्रॅबमने त्याला हाताने पुढे जायची खूण केली, आणि अर्ध्या सेकंदाच्या जरा वरच्या फरकाने ब्रूस जिंकला. ब्रॅबमने गाडी ढकलत रेषेपार नेली आणि चौथा येऊन विश्वविजेतेपद मिळवलं. ब्रूसचं वय 22 वर्षं 104 दिवस. इंडियानापोलिसची शर्यत वेगळी ठेवली तर सर्वांत तरुण विजेत्याचा हा विक्रम 2003 मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला.

कूपरकडे चांगलं चाललं होतं तरी 1963 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. पहिली जागा म्हणजे लंडनजवळ न्यू माल्डनला एक शेड. खाली फरशी नाही, माती, आणि शेजारी रस्ते सपाट करणारं यंत्र उभं. रेमुएराचं गॅरेज याच्यापेक्षा बरं असेल! पुढच्याच फेब्रुवारीत टास्मानियात लाँगफर्डच्या सरावात त्याचा तरुण सहकारी टिमी मेयर गेला. टिमीचा भाऊ टेडी मात्र कंपनीत राहिला आणि पुढे तिचा आधार बनला.

ब्रूस सर्वांत वेगवान ड्रायव्हर होता असं कोणी म्हणत नाही. त्याची खरी ताकद म्हणजे गाडीत काय होतंय ते ओळखून खाली उतरल्यावर मेकॅनिकला नेमकं सांगणं. गुडवूडला त्यांच्या सुरुवातीच्या एका स्पोर्ट्स कारची चाचणी चालली होती. पुढच्या पत्र्यावरचं एक छोटं झाकण लावायचं राहून गेलं आणि वेगात ते फडफडायला लागलं. दुसरा ड्रायव्हर चिडला असता. ब्रूसने पाहिलं की झाकण दाबलं जात नाही, वर उचललं जातंय. म्हणजे तिथे वर हवेचा दाब कमी आहे. म्हणजे रेडिएटरमागे कोंडलेली हवा इथून बाहेर काढता येईल. पिटमध्ये येऊन त्याने कात्री मागवली आणि पत्रा कापायला लावला. गाडीचं नाक हलकं होणं आणि गरम होणं, दोन्ही कमी झालं. हे झाकण लक्षात ठेवा.

1966 मध्ये मोनॅकोला मॅक्लारेन नावाची पहिली फॉर्म्युला वन गाडी धावली. अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांत बाल्सा लाकूड घालून बांधलेली चासिस, कमालीची ताठ. इंजिन मात्र जड आणि आवाजच जास्त. त्याच वर्षी जूनमध्ये ख्रिस एमनबरोबर फोर्डची गाडी चालवून त्याने ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. दोन फोर्ड गाड्या बरोबरीने रेषेवर आणायचा कंपनीचा बेत होता, पण ब्रूसची गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणून तिने काही मीटर जास्त अंतर कापलं असा हिशेब निघाला! 1968 मध्ये बेल्जियमच्या स्पाला तो स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकला, आणि आपण जिंकलोय हे त्याला गाडी थांबल्यावर दुसऱ्यांनी सांगावं लागलं. पुढच्या जॅकी स्टुअर्टला शेवटी पेट्रोल कमी पडलं होतं. म्हणजे सेब्रिंगसारखंच. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत तर 1969 मध्ये 11 पैकी 11 शर्यती मॅक्लारेनच्या नारिंगी गाड्यांनी जिंकल्या, सहा ब्रूसने आणि पाच डेनी हल्मने.

2 जून 1970. पुन्हा गुडवूड. कॅन-ॲमसाठीच्या नव्या एम8डी गाडीची चाचणी. या गाडीचा मागचा पंख मागच्या बॉडीवरच उभ्या पात्यांना जोडलेला होता. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना मागची बॉडी सुटली. बॉडी गेली तसा पंख गेला, पंख गेला तशी मागची चाकं जमिनीला दाबून धरणारी हवाही गेली. गाडी फिरली आणि बाजूला असलेल्या, वापरात नसलेल्या मार्शलच्या चौकीवर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय 32. मागे पत्नी पॅट्रिशिया आणि चार वर्षांची मुलगी अमांडा.

ज्या ट्रॅकवर एका सुट्या झाकणाने त्याला हवा शिकवली, तिथेच एक सुटलेला भाग त्याला घेऊन गेला. मी हे वाचलं तेव्हा मेसची घंटा झाली होती, पण उठवलं नाही.

टेडी मेयरने कामगारांना दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली होती. सगळे कामावर आले. बारा दिवसांनी, 14 जूनला, कॅनडात मोसपोर्टला त्याच मॉडेलची गाडी धावली आणि डॅन गर्नी जिंकला. हल्मचे हात मे महिन्यात इंडियानापोलिसला भाजले होते, तरी तो त्या हातांनी तिसरा आला आणि वर्षअखेर विजेता ठरला. ब्रूसनंतर कंपनी बंद पडली असती तर कोणी नावं ठेवली नसती. ती 2024 मध्येही फॉर्म्युला वनची सांघिक विजेती झाली.

आणि ती 110 पौंडांची ऑस्टिन? ती आहे. इंग्लंडमधल्या वोकिंगला मॅक्लारेनच्या मुख्यालयात, कोट्यवधींच्या गाड्यांच्या रांगेत, लाल रंगाची बुटकी गाडी म्हणून उभी आहे.

आमची फियाट अजून सुरू झालेली नाही. पिस्टन सुटे झालेत, एक जॅम होता तो दोन दिवस डिझेल ओतून ठेवल्यावर हलला. नट-बोल्ट आता बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवून वर चिठ्ठ्या लावल्या आहेत. बॉनेटचा खटका नीट बसत नाही, तो आधी दुरुस्त करायचं ठरलंय, मग इंजिन. रविवारी सकाळी परत बसणार आहोत. कोणाला यायचं असेल तर जुने कपडे घालून या. आजोबांच्या घरची घावणे-चटणी मिळते, पण हात धुतल्याशिवाय नाही.