पुण्यश्लोक अहिल्यादेवी : सुनेपासून राज्यकर्तीपर्यंत

देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की अहिल्यादेवी होळकरांचे नाव आपोआप ओठांवर येते. काशीचा विश्वनाथ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, आपल्या वेरूळचा घृष्णेश्वर ही त्यांची कामे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु चाळिशी उलटेपर्यंत ही बाई राज्याची धनी नव्हती, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा अल्पसा लेख.

जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी सन १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. लहान वयातच त्या सुभेदार मल्हारराव होळकरांच्या घरी सून म्हणून गेल्या. मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. त्या सती जावयास निघाल्या असता सासऱ्यांनी विनवून त्यांना मागे फिरविले. मल्हाररावांचा मुक्काम सदैव मोहिमेवर असे. घरचा वसूल, रसद, पत्रव्यवहार त्यांनी सुनेच्या हाती दिला. बारा वर्षे बाईंनी हे काम केले. आमच्यासारख्या दफ्तरात बसणाऱ्यास वाटते, त्यांची खरी शाळा हीच.

सन १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी एकुलता मुलगाही गेला. दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. राघोबादादा फौजेसह चालून आले. बाईंनी दत्तकास नकार दिला आणि लढाईची तयारी ठेवली. लढाई झालीच नाही. माधवराव पेशव्यांनी कारभारास मान्यता दिली. वय बेचाळीस! त्या वयात आम्ही पेन्शनीला किती वर्षे उरली ते मोजू लागतो.

फौज तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी नर्मदाकाठी महेश्वरास राहून राज्य चालविले. विणकरांना तेथे आसरा दिला. महेश्वरी लुगडे त्यातूनच नावारूपास आले. देणगीदार बंधू-भगिनींनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च सरकारी खजिन्यातून नव्हे, तर खाजगीच्या उत्पन्नातून होई, आणि दोहोंचा हिशेब वेगळा असे. विश्वनाथाचे काम १७८० चे, सोमनाथाचे १७८३ चे. म्हणजे ही मोठी कामे पन्नाशीनंतरची.

उतारवयात मात्र दैवाने पाठ सोडली नाही. नातू गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाल्या. एकेकाळी सासऱ्यांचे ऐकून जी सून चितेपासून परतली होती, तिने आता आई होऊन लेकीची मनधरणी केली. लेक ऐकली नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो.

बाई पुन्हा कारभारात बसल्या. पुढे चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी महेश्वर येथेच त्यांनी देह ठेवला.