सरधन्याचा वारस लंडनमध्ये ‘वेडा’ ठरला!

ब्रिटिश संसदेतला पहिला भारतीय म्हटलं की १८९२ साली निवडून आलेले दादाभाई नौरोजी आठवतात. पण त्याच्या ५१ वर्षं आधी, १८४१ मध्ये, मेरठजवळच्या सरधन्याचा डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंबर तिथे पोहोचला होता.

सरधन्याची बेगम समरू म्हणजे मोठं प्रस्थ. असईच्या लढाईत (१८०३) तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूने होत्या. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा समरू याला दुसऱ्या बाईपासून मुलगा होता. डेव्हिड हा त्या मुलाच्या लेकीचा मुलगा. वडील जॉर्ज डाइस हे स्कॉटिश अधिकारी आणि भारतीय स्त्रीचे पुत्र. अशा मिश्र रक्ताच्या मुलांना कंपनीच्या वरच्या जागा १७९१ पासूनच बंद होत्या. बेगमने मात्र याच पोराला दत्तक वारस केलं.

जानेवारी १८३६ मध्ये बेगम वारली आणि भांडणं सुरू झाली. जहागीर कंपनीने ताब्यात घेतली. बादशाहपूरच्या परगण्यावरून दावा लागला, तो डेव्हिडच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. खुद्द बापाने मुलावर फिर्याद केली. तरी लाखोंची रोकड हाती आली होती. ती घेऊन डेव्हिड विलायतेला गेला. १८४० मध्ये मेरी अ‍ॅन जर्व्हिस या खानदानी तरुणीशी लग्न केलं, पुढच्याच वर्षी सडबरीतून खासदार झाला. मतदारांना लाच दिल्याच्या ठपक्यावरून १८४२ मध्ये निवडणूक रद्द झाली.

खरा घाव पुढे बसला. बायकोवर संशय, द्वंद्वाची आव्हानं, असल्या वागण्यावरून १८४३ मध्ये त्याला वेडा ठरवलं गेलं. स्वतःच्या पैशावरचा हक्कच गेला. तो पॅरिसला पळाला, तिथल्या डॉक्टरांकडून शहाणपणाचे दाखले मिळवले, १८४९ मध्ये बचावाचं जाडजूड पुस्तक छापलं. निकाल काही फिरला नाही. १ जुलै १८५१ रोजी लंडनमध्येच तो गेला, वय अवघं ४२.

मृत्युपत्रात त्याने सरधन्याला मुलांसाठी शाळा काढायला पैसा ठेवला होता. पत्नीने आणि बहिणींच्या बाजूने त्याला हरकत घेतली. वेड्याचं मृत्युपत्र कसलं, असं म्हणत १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते फेटाळलं. शाळा कागदावरच राहिली. डेव्हिडचा देह मात्र पुढे सरधन्याला आणला गेला. आज तो बेगमच्याच चर्चमध्ये आहे.