बाबासाहेबांचे पराभव



बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांचे पराभव मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. परदेशात नोकरी गेली, व्हिसा नाकारला गेला की मनात पहिला विचार येतो, आपली लायकीच नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवले गेले, तिथे तो विचार लवकर रुजतो. म्हणून हे तीन प्रसंग.

1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून बाबासाहेबांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात जहाजासह बुडाली. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही आसरा दिला नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी बागेत बसून, आईवडिलांच्या आठवणीत काढले. दुःख झालेच. पण दोष त्यांच्यात नव्हता, समाजरचनेत होता. पुढे त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला तो अस्पृश्यता काय असते याचा पुरावा म्हणून.

दुसरा प्रसंग वेगळा आहे. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी 1922 मध्ये सादर केला. मार्च 1923 मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. हातचे पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईला परतले, प्रबंध नव्याने लिहून पाठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला. इथे काम होते ते लिखाणावर. तेवढे त्यांनी केले.

तिसरा प्रसंग उतारवयातला. हिंदू कोड बिल रखडले, म्हणून 1951 मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, 1952 साली, उत्तर मुंबईत राखीव जागेवर ते 14 हजारांहून अधिक मतांनी हरले. 1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही गेली. प्रकृती ढासळत होती. तरी लेखन चालूच राहिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांनी त्यांच्यासोबत धम्म स्वीकारला. हिंदू कोड बिलातला बराचसा भाग 1955-56 मध्ये चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाला.

प्रणाली बंद पडली की आम्ही संगणकवाले लॉग तपासतो, कारण शोधतो. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात तेच शिकवले: जे घडते ते कारणांमुळे घडते आणि कारण बदलले की परिणामही बदलतो. कारण कधी बाहेर असते, कधी आपल्या कामात. आपल्या कामात असेल तर ते मान्य करून दुरुस्त करायचे. बाहेर असेल तर संघटित होऊन लढायचे. दोन्ही वेळा 'मीच कमी' हा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरतो.

या रविवारी मुलांना पदव्यांसोबत परत आलेल्या त्या प्रबंधाची गोष्टही सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!