इशारा देणारा सेनापती : जनरल शंकरराव थोरात



संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने लढाईला निघालेल्या राजाचा दाखला दिला आहे. शत्रूचे सैन्य आपल्या दुप्पट असेल तर शहाणा राजा आधी खाली बसतो, हिशेब करतो आणि मगच पाऊल उचलतो. आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने आपल्या देशासाठी असाच हिशेब मांडला होता, आणि तोही लढाईच्या तीन वर्षे आधी. पण ज्यांनी तो वाचायचा त्यांनी बाजूला ठेवला. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची ही गोष्ट आपण सर्वांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

शंकररावांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. वडील शेतीशास्त्राचे जाणकार होते. मुलाने मात्र शिपाईगिरीची वाट धरली. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात शिकून १९२६ साली ते सैन्यात अधिकारी झाले. त्या काळी हिंदी तरुणांना तेथे मोजक्याच जागा मिळत.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. जानेवारी १९४५ मध्ये कांगावच्या लढाईत पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे ते प्रमुख होते. जपान्यांनी घट्ट धरून ठेवलेली मेलरोज नावाची टेकडी या पलटणीने जिंकली. त्याबद्दल थोरातांना डी.एस.ओ. हा मोठा सन्मान मिळाला. त्याच ब्रिगेडमध्ये के. एस. थिमय्या नावाचे दुसरे हिंदी अधिकारी होते. या दोघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

१९५३ साली कोरियाचे युद्ध थांबले. मायदेशी परतायला तयार नसलेल्या सुमारे २२ हजार युद्धकैद्यांवर देखरेख करण्याचे काम भारताकडे आले. तेथे गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात होते. एके दिवशी चिडलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून नेऊन ओलीस ठेवले. गोळीबार केला असता तर शेकडो माणसे मेली असती आणि युद्ध पुन्हा पेटले असते. थोरात स्वतः त्या संतापलेल्या जमावात गेले, शांतपणे बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन आले. या धैर्याबद्दल त्यांना दुसऱ्या वर्गाचे अशोकचक्र मिळाले. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात.

हे सारे आधी सांगण्याचे कारण असे की, पुढे त्यांनी दिलेला इशारा भित्र्या माणसाचा नव्हता. लढाई काय असते हे ठाऊक असलेल्या आणि रक्तपात टाळण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातलेल्या माणसाचा तो इशारा होता.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. त्यांचे मुख्यालय लखनौला होते. तिबेटला लागून असलेला नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, त्यांच्या टापूत येत होता. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले. ऑगस्टमध्ये चिनी सैनिकांनी लोंगजू येथील आपल्या ठाण्यावर गोळीबार करून ते घेतले. तरीही दिल्लीचे लक्ष पाकिस्तानकडेच होते. चीनशी मैत्री आहे, तेव्हा त्या बाजूने युद्ध होणार नाही, असे सरकार धरून चालले होते.

थोरातांनी डोंगर, रस्ते, पलटणी, दारूगोळा आणि रसद यांचा हिशेब केला. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी आपला अहवाल पाठवला. त्याचा सारांश असा : चीनपासून खरा धोका आहे. सध्याच्या बळावर आपण त्याला अडवू शकणार नाही. सीमेच्या अगदी टोकावर विखुरलेल्या लहान चौक्या झेंडा दाखवायला ठीक आहेत, त्या हल्ला थोपवणार नाहीत. जेथे आपली रसद पोहोचते अशा मागच्या डोंगरांवर पक्की फळी उभारावी. शत्रू तेथपर्यंत आला म्हणजे त्याची रसद लांबलेली असेल आणि आपली जवळ असेल.

थिमय्या तेव्हा लष्करप्रमुख होते. त्यांना हे म्हणणे पटले आणि त्यांनी अहवाल संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांनी तो उडवून लावला. सेनापती उगाच घबराट पसरवत आहेत, चीनचा प्रश्न आपण वाटाघाटींनी सोडवू, असे त्यांचे मत होते. अहवाल पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत गेलाच नाही.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. नेहरू आणि मेनन यांना युद्ध हवे नव्हते. देश गरीब होता, तोफांपेक्षा धरणे आणि शाळा त्यांना महत्त्वाच्या वाटत होत्या. शांतीची इच्छा धरणे ही चूक नव्हे. पण शांती हवी म्हणून धोका नाही असे मानणे, ही निराळी गोष्ट आहे.

थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला ‘लाल किला’ नावाचा लष्करी सराव घेतला. चीन कोठून येईल, किती बळाने येईल, कोणते ठाणे केव्हा पडेल, हे नकाशावर मांडून दाखवले. पुढे मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरातांना लष्करप्रमुख करावे, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने पी. एन. थापर यांची निवड केली. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले.

नोव्हेंबर १९६१ पासून सरकारने सीमेवर आणखी पुढे चौक्या बसवायला सुरुवात केली. चीन बळाचा वापर करणार नाही, असा गुप्तहेर खात्याचा अंदाज होता. तोच दिल्लीला गोड वाटला. सप्टेंबर १९६२ मध्ये चिनी सैनिक थागला डोंगर ओलांडून आले, तेव्हा त्यांना हुसकावून लावण्याचे ठरले. तेथले सेनापती उमराव सिंग यांनी रसदीचा हिशेब मांडून हे जमणार नाही असे कळवले. काम त्यांच्याकडून काढून जनरल कौल यांना दिले गेले. लष्करप्रमुख थापर यांनाही शंका होती, म्हणून त्यांनी लेखी हुकूम मागितला. २२ सप्टेंबरला तो मिळाला. त्या वेळी नेहरू आणि मेनन दोघेही परदेशात होते.

नामका चू नदीच्या काठी आपल्या एका ब्रिगेडला बसवण्यात आले. हिमालयाच्या थंडीत अनेकांच्या अंगावर सुती कपडे होते. जवानामागे काडतुसे होती सुमारे ५०. विमानातून टाकलेले बरेचसे सामान दरीत जाई. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चीनने हल्ला केला आणि काही तासांतच ती ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. एकट्या राजपूत पलटणीचे २८२ जवान पडले. ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. नोव्हेंबरमध्ये सेला आणि बोमडिलाही गेले. २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकड्यांप्रमाणे आपले १,३८३ जवान मृत्यू पावले, जवळजवळ १,७०० बेपत्ता झाले आणि सुमारे ४,००० कैदी झाले. लखनौच्या नकाशावर दाखवलेले पुष्कळसे तसेच घडले होते.

मेनन यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. तो जुना अहवाल त्यांनी तेव्हा प्रथमच पाहिला. तो आपल्याला आधी का दाखवला नाही, असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, एवढेच थोरात म्हणाले. हा प्रसंग त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात नोंदवला आहे. नेहरूंनी त्यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतले. पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

बंधूभगिनींनो, थोरातांनी आपले काम केले होते. जे दिसले ते त्यांनी स्पष्ट सांगितले, ज्यांना सांगायचे त्यांनाच सांगितले आणि पद हुकले तरी शब्द बदलला नाही. ऐकणाऱ्याने मात्र ऐकले नाही. जुन्या करारात अहाब राजाची हकीकत आहे. होकार देणारे ४०० संदेष्टे त्याच्याजवळ होते, आणि नको म्हणणारा मीखाया एकटाच होता. अहाबाने मीखायाला तुरुंगात टाकले आणि स्वतः लढाईत मेला. आपल्या मनाजोगे बोलणारा सल्लागार प्रत्येक राजाला सापडतोच. प्रत्येक घरातही सापडतो.

मृगाचा पहिला शिडकावा पडताच पेरणीची घाई करणाऱ्याला आपल्या वऱ्हाडात एखादा म्हातारा सांगतो की, बापू, ओल खोल गेली नाही, थांब. त्याचे ऐकले नाही तर दुबार पेरणी येते. बियाणे तरी पुन्हा विकत आणता येते. नामका चूच्या काठी पडलेली माणसे पुन्हा आणता आली नाहीत. त्यांनी अहवाल लिहिला नव्हता की नाकारलाही नव्हता. त्यांनी फक्त हुकूम पाळला.

म्हणून ज्यांच्या हाती इतरांचे जीव आहेत, त्या सर्व देशांच्या पुढाऱ्यांसाठी आपण प्रार्थना करू या. नको असलेले खरे ऐकण्याचे बळ प्रभूने त्यांना द्यावे. आणि नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्तानात जाऊन आपल्या मृतांसाठी मेणबत्ती लावतो, तेव्हा एक मेणबत्ती त्या डोंगरांत राहिलेल्या जवानांसाठीही लावू या.