राज्य क्रीडा दिन १५ जानेवारीलाच का असतो?

यवतमाळपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्या महाराष्ट्रात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन. ही तारीख खाशाबा जाधवांच्या जन्माची.

१९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वरात खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शाळा झाली, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. सवय मातीची आणि तिथं कुस्ती मॅटवर. तरी सहावा नंबर आला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचं होतं, पण पैसे नव्हते. लोकांकडून वर्गणी गोळा झाली, तीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

खाशाबांनी ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडं बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या लढवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. खाशाबा पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

१५ जानेवारीला शाळेतल्या खेळाडूला हार घालताना त्याला घडवणाऱ्या सरांनाही स्टेजवर बोलवायचं, ते खर्डेकरांसाठी. आणि हे सगळं वेळेत करायचं, ते खाशाबांसाठी.