बियाण्यांचा राखणदार

तुम्ही सफरचंद खाल्ले असेल. पण सफरचंद मूळचे कुठले, असा विचार कधी केला आहे का? एका थोर रशियन शास्त्रज्ञाने असे प्रश्न सोडवण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव निकोलाय वाविलोव्ह.

वाविलोव्ह यांचा जन्म 1887 साली मॉस्को येथे झाला. त्या काळी रशियात वारंवार दुष्काळ पडे आणि माणसे उपाशी मरत. रोग, थंडी व अवर्षण सोसणारी पिके तयार केली, तर हे संकट टळेल, असे वाविलोव्ह यांना वाटे. असे गुण जुन्या गावठी वाणांत आणि पिकांच्या रानटी भाऊबंदांत सापडतात. त्यांच्या शोधात ते इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया अशा अनेक देशांत हिंडले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बियाण्यांचे दोन लाखांहून अधिक नमुने लेनिनग्राडच्या संस्थेत जमवले.

1929 साली ते कझाकस्तानातील अल्मा-अता शहरी गेले. तेथील डोंगरांवर रानटी सफरचंदांची झाडी होती. आपल्या सफरचंदाचे मूळ येथेच असावे, असे अनुमान त्यांनी काढले.

पुढे दिवस पालटले. आनुवंशिकतेचे शास्त्र खोटे म्हणणाऱ्या लायसेंको यांना स्टालिनचा पाठिंबा मिळाला. वाविलोव्ह यांनी मात्र सत्य सोडले नाही. 1940 साली त्यांना अटक झाली. 1943 साली सारातोव्हच्या तुरुंगात ते अन्नावाचून खंगून मरण पावले.

इकडे 1941 साली जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. शहरात अन्न उरले नाही. संस्थेत तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे होते. पण वाविलोव्ह यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना हात लावला नाही. त्यांतील अनेकजण भुकेने मेले. तांदळाचे नमुने सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह हे त्यांपैकीच एक.

मित्रांनो, प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. त्यात ठरावीक जागी लहान लहान फरक असतात. शास्त्रज्ञ त्यांना खुणा मानतात. दोन वनस्पतींच्या खुणा ताडून पाहिल्या की त्यांचे नाते किती जवळचे, हे कळते. सफरचंदाच्या डीएनएची अशीच तपासणी झाली. आपल्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज मध्य आशियातील तेच रानटी सफरचंद आहे, हे 2010 साली पुन्हा दिसून आले. वाविलोव्ह यांचे अनुमान खरे ठरले!

पण खुणा वाचायच्या, तर आधी बी शिल्लक असावे लागते. वाविलोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी ते आपल्यासाठी प्राणापलीकडे जपले. ताटातला घास उचलताना त्यांची आठवण ठेवा.