मार्गारेट वॉशबर्न : प्राण्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ



सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला किंवा आपल्या गल्लीत नंदीबैल आलेला तुम्ही पाहिला असेलच. मालक विचारतो, यंदा पाऊस चांगला होणार का? बैल मान हलवतो. पोरं खूश! आणि त्यातलंच एखादं चौकस पोर विचारतं, बाई, बैलाला खरंच कळतं का हो? उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. जनावराच्या मनात काय चाललंय हे आपण कशावरून ठरवायचं, या प्रश्नाचा धीराने आणि शिस्तीने अभ्यास करणाऱ्या एका बाईंची आज ओळख करून घेऊया.

मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न यांचा जन्म २५ जुलै १८७१ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील धर्मोपदेशक, आई सधन घरातली आणि ही एकुलती एक लेक. सातव्या वर्षी शाळेत घातलं तेव्हा तिला छान लिहिता-वाचता येत होतं. १८८६ साली, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या त्याच वर्षी, पंधराव्या वर्षी तिचं शालेय शिक्षण संपलं. पुढे पॉकिप्सी या गावचं व्हॅसर कॉलेज, खास मुलींसाठी काढलेलं. तिला तत्त्वज्ञानही आवडायचं आणि विज्ञानही. हे दोन्ही जिथे एकत्र येतात असा एक विषय तेव्हा नुकता आकार घेत होता, तो म्हणजे प्रायोगिक मानसशास्त्र.

तो शिकायला त्या कोलंबिया विद्यापीठात जेम्स कॅटेल यांच्याकडे गेल्या. पण तिथे बायकांना पदवीसाठी प्रवेशच नव्हता. वर्गात बसून ऐका, एवढीच परवानगी मिळाली. कॅटेल सरांनी मात्र हा भेद मानला नाही. इतर मुलांना जे काम, तेच यांना. तरी पदवी मिळणार नव्हतीच, म्हणून सरांनीच त्यांना कॉर्नेल विद्यापीठाची वाट दाखवली. तिथे एडवर्ड टिचनर हे जर्मनीत वुंट यांच्याकडे शिकून नुकतेच आले होते. त्यांच्या हाताखाली १८९४ मध्ये मार्गारेट यांनी पीएच.डी. मिळवली. मानसशास्त्रात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये मेरी कॅल्किन्स यांनी सगळं काम पूर्ण केलं, तरी केवळ बाई म्हणून त्यांना पदवी नाकारली गेली. यावरून तो काळ कसा होता ते लक्षात येईल.

वेल्स कॉलेज, कॉर्नेल, सिनसिनाटी अशा नोकऱ्या करत १९०३ मध्ये त्या व्हॅसरला परत आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांनी लग्न केलं नाही.

आता मुख्य काम. १९०८ साली त्यांचं ‘द ॲनिमल माइंड’ हे पुस्तक आलं. अमिबापासून माकडापर्यंत कितीतरी प्राण्यांवर झालेले प्रयोग त्यांनी त्यात एकत्र आणून तपासले. तोवर या विषयात गोष्टींचा सुकाळ होता. अमक्याचा कुत्रा दार उघडतो, तमक्याच्या मांजरीला सगळं समजतं! वॉशबर्न यांनी अशा गोष्टींवर विसंबणं का धोक्याचं आहे ते नेमकेपणाने सांगितलं. सांगणाऱ्याला पाहिलेलं काय आणि स्वतः लावलेला अर्थ काय, यातला फरक कळतोच असं नाही. त्या जातीच्या प्राण्याच्या सवयी त्याला ठाऊक नसतात. त्याच प्राण्याला आधी काय अनुभव आले तेही ठाऊक नसतं. शिवाय जनावरावर माया असते, ते हुशार ठरावं असं मनातून वाटतं. आणि गोष्ट रंगवून सांगायची हौस तर सगळ्यांनाच असते. हे वाचताना मला तरी प्राण्यांपेक्षा आपली स्टाफरूमच जास्त आठवली. अमका मुलगा आळशी, तमकी गर्विष्ठ, असं आपण म्हणतो तेव्हा त्यातलं प्रत्यक्ष पाहिलेलं किती असतं?

मग खात्री करायची कशी? मॅडिसन बेंटली यांच्याबरोबर त्यांनी ओढ्यातल्या एका माशावर केलेला प्रयोग पाहा. दोन सारखे चिमटे घेतले. एकाला लाल काड्या बांधल्या, दुसऱ्याला हिरव्या. दोन्ही पाण्यात टांगले आणि खाणं लाल चिमट्यात ठेवलं. मासा लाल चिमट्याकडे जायला शिकला. झालं सिद्ध? इतक्यात नाही! तो डावी-उजवी बाजू शिकला असेल तर? म्हणून चिमट्यांच्या जागा बदलत राहायचं. तो वासावर जात असेल तर? त्याला रंग दिसतच नसेल, फक्त फिकट-गडद कळत असेल तर? अशी एकेक पळवाट बंद करत जावं लागतं. हे वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखं आहे. चिमणी, मुंगी, गल्लीतलं कुत्रं काहीही चालेल. वहीच्या एका बाजूला दिसलं ते लिहायचं, दुसऱ्या बाजूला आपल्याला वाटलं ते. पालकांनी घरी करून पाहिलं तर आणखी मजा येईल.

पण म्हणून प्राण्यांना मन नाहीच, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. १९१३ मध्ये वॉटसन यांनी मनाची भाषाच सोडा, फक्त वर्तन मोजा, असा पुकारा केला. अनेक जण त्या बाजूला वळले. वॉशबर्न यांचं म्हणणं वेगळं होतं. दुसऱ्याचं मन आपल्याला थेट दिसत नाही, शेजाऱ्याचंसुद्धा नाही; स्वतःच्या अनुभवावरूनच अंदाज बांधावा लागतो. प्राण्यांच्या बाबतीतही तसंच. तेव्हा अंदाज बांधावा, पण जपून आणि प्रयोगाच्या आधाराने. या मतावर त्या ठाम राहिल्या आणि नवे प्रयोग होत गेले तसं पुस्तक सुधारत राहिल्या. चौथी आवृत्ती १९३६ मध्ये निघाली.

मान मिळाले, पण उशिरा. १९२१ मध्ये त्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, १९३१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या. टिचनर यांनी १९०४ मध्ये प्रयोगकर्त्यांचं एक मंडळ काढलं होतं. त्यात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पहिल्या पीएच.डी. विद्यार्थिनीलाही नाही. टिचनर वारल्यानंतर, १९२९ मध्ये मंडळाने वॉशबर्न यांना सदस्य करून घेतलं. १९३१ ची बैठक तर व्हॅसरलाच झाली, यजमान अर्थात वॉशबर्न.

शिक्षक म्हणून मला त्यांची एक गोष्ट फार मोठी वाटते. व्हॅसरच्या प्रयोगशाळेत पदवीच्या मुली प्रयोग करत, बाई निबंध लिहीत, आणि छापताना त्या मुलींची नावं स्वतःच्या नावाबरोबर देत. असे साठाहून अधिक निबंध निघाले. व्हॅसरमधल्या पंचवीस वर्षांच्या सेवेनिमित्त माजी विद्यार्थिनींनी बाईंना मोठा निधी जमवून दिला. त्यांनी तो स्वतःसाठी न ठेवता मुलींच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकला.

१९३७ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाल्याने त्यांना काम थांबवावं लागलं. २९ ऑक्टोबर १९३९ रोजी पॉकिप्सीलाच त्यांचं निधन झालं.